मागे लपणारी विंडो: पालक कोण आणि मालक कोण

तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या तक्रारी आहेत. पहिली अशी, की विनफॉर्म्समध्ये (डॉटनेटमधलं विंडोजचे फॉर्म बनवायचं साधन) केलेल्या बिलिंगच्या प्रोग्राममध्ये ‘ग्राहक शोधा’ हा छोटा फॉर्म उघडल्यावर मुख्य फॉर्मवर कुठेही क्लिक केलं की तो मागे जातो, आणि टॉपमोस्ट (नेहमी वर ठेवणारी प्रॉपर्टी) ट्रू केलं तर एक्सेल, ब्राउझर अशा सगळ्यांच्याच डोक्यावर बसतो. दुसरी अशी, की मुख्य फॉर्म एमडीआय, म्हणजे बाकीचे चाइल्ड फॉर्म स्वतःच्या आत उघडणारा, आहे आणि डावीकडे टाकलेल्या पॅनेलखाली चाइल्ड फॉर्म सरकतात, ब्रिंग-टू-फ्रंट करूनही वर येत नाहीत. दोन्हींची कारणं अगदी वेगळी आहेत, म्हणून एकाच उपायाने दोन्ही सुटणार नाहीत.

विंडोजमध्ये दोन विंडोंचं नातं दोन प्रकारचं असतं. एक पालकाचं, म्हणजे पेरेंट. दुसरं मालकाचं, म्हणजे ओनर. चाइल्ड विंडो पालकाच्या आतच राहते. पालकाच्या कडेबाहेर गेलेला तिचा भाग कापला जातो आणि पालक हलला की तीही हलते. जिला मालक आहे ती विंडो मात्र स्वतंत्र असते, स्क्रीनवर कुठेही जाऊ शकते. तिला नियम तीनच: ती मालकाच्या नेहमी वर राहते, मालक मिनिमाइझ झाला की लपते, आणि मालक नष्ट झाला की तीही नष्ट होते.

हा गोंधळ होण्यात तुमची चूक नाही, नावंच तशी ठेवलेली आहेत. क्रिएट-विंडो-इएक्स या मूळ फंक्शनला पालक आणि मालक दोन्ही एकाच पॅरामीटरमधून दिले जातात आणि त्याचं नाव ‘पेरेंट’ आहे. चाइल्ड स्टाइल असेल तर त्यात दिलेलं हँडल, म्हणजे विंडोचा ओळखक्रमांक, पालक ठरतं, नसेल तर मालक. गेट-पेरेंट तर पॉपअप विंडोच्या बाबतीत चक्क मालक परत करतं. खरा पालक हवा असेल तर गेट-अँसेस्टर आणि मालक हवा असेल तर गेट-विंडो वापरावं लागतं.

तुमच्या ‘ग्राहक शोधा’ फॉर्मला ना पालक आहे ना मालक. तुम्ही शो() ला कंसात काहीच दिलेलं नाही. त्यामुळे विंडोजच्या लेखी तो आणि मुख्य फॉर्म दोन अनोळखी विंडो आहेत, ज्याच्यावर क्लिक होईल तो वर येणार. कंसात धिस, म्हणजे ज्या फॉर्ममधून तो उघडता तो फॉर्म, लिहा, एवढाच बदल पुरेसा आहे. आणि टॉपमोस्टची ओळ काढून टाका, हे मी आग्रहाने सांगतो. टॉपमोस्ट विंडोंचा थरच वेगळा असतो, साध्या सगळ्या विंडोंच्या वर. त्यात एक फॉर्म ढकलला की त्याच्यामागे तुमचेच मेसेज बॉक्स लपू लागतात, मग त्यांनाही टॉपमोस्ट करावं लागतं, आणि शेवटी वापरणाऱ्याला दुसरा कुठलाही प्रोग्राम नीट वापरता येत नाही.

मालक दिल्यावर दोन गोष्टी सांभाळा. तुम्ही एमडीआय चाइल्डमधून धिस दिलं तरी विनफॉर्म्स त्याच्या वरचा टॉप-लेव्हल फॉर्म, म्हणजे तुमचा मुख्य फॉर्मच, मालक म्हणून धरतो. त्यामुळे बिलाचा चाइल्ड फॉर्म बंद केला तरी ‘ग्राहक शोधा’ उघडा राहील. तो बंद करायचं काम चाइल्डच्या फॉर्म-क्लोज्ड इव्हेंटमध्ये तुम्हालाच करावं लागेल. दुसरी गोष्ट जास्त त्रास देते. बरेच जण शोधाचा फॉर्म बंद होऊ न देता कॅन्सल ट्रू करून फक्त हाइड करतात, म्हणजे पुढच्या वेळी पटकन उघडतो. मालक नसताना हे चालून जातं. मालक दिला की मुख्य फॉर्म बंद होताना आधी त्याच्या मालकीच्या फॉर्मना विचारतो, आणि त्यातल्या एकानेही कॅन्सल केलं तर मुख्य फॉर्मही बंद होत नाही. तेव्हा क्लोज-रीझन, म्हणजे बंद होण्याचं कारण, तपासा आणि ते यूझर-क्लोजिंग (वापरणाऱ्याने स्वतः बंद केलं) असेल तेव्हाच कॅन्सल करा.

मालक नसलेली विंडो काय करू शकते ते मी एका पतसंस्थेत पाहिलं आहे. काउंटरचा प्रोग्राम पूर्ण स्क्रीनवर चालायचा, टास्कबारही झाकलेला. पासबुकाची छपाई वेगळ्या थ्रेडवर (प्रोग्राममध्ये समांतर चालणाऱ्या कामावर) ठेवली होती आणि प्रिंटर अडला की त्याच थ्रेडवरून ‘पुन्हा प्रयत्न करायचा का?’ असा मेसेज बॉक्स दाखवला जायचा. मालक दिला नसेल तर विनफॉर्म्स चालू थ्रेडची सक्रिय विंडो मालक म्हणून घेतो, पण त्या थ्रेडची अशी विंडोच नव्हती. त्यामुळे बॉक्स बेवारस तयार व्हायचा आणि मुख्य विंडोच्या मागे जायचा. रोखपाल ताई दिवसभर ‘छापा’ दाबत राहिल्या, रांगेतली माणसं चिडली. संध्याकाळी मी मुख्य विंडो मिनिमाइझ केली तर मागे एकावर एक तेच बॉक्स उभे होते, प्रत्येक क्लिकचा एक. त्या ताईंना दिवसभर बोलणी खावी लागली, आणि चूक आमच्या कोडची होती. ते मला अजून लागतं. तुमच्याकडे बॅकग्राउंड थ्रेडवरून कुठेही मेसेज बॉक्स किंवा शो-डायलॉग असेल तर ते काम इन्व्होक वापरून फॉर्म सांभाळणाऱ्या मुख्य, म्हणजे यूआय, थ्रेडवर आणा आणि मालक स्पष्ट द्या.

आता पॅनेलचं. एमडीआय मुख्य फॉर्ममध्ये एमडीआय-क्लायंट नावाचा एक कंट्रोल आपोआप तयार होतो. सगळे चाइल्ड फॉर्म त्याच्या पोटात असतात. तुमचं पॅनेल मात्र थेट मुख्य फॉर्मवर आहे, म्हणजे ते एमडीआय-क्लायंटचं भावंड आहे. चाइल्ड फॉर्मच्या बाजूने पाहिलं तर पॅनेल त्याचं भावंड नाही, काका आहे. ब्रिंग-टू-फ्रंट फक्त सख्ख्या भावंडांतला क्रम बदलतं, त्यामुळे चाइल्ड कितीही वर आणला तरी तो काकाच्या वर जात नाही. पॅनेलला सेंड-टू-बॅक केलं तर ते एमडीआय-क्लायंटच्या मागे जाऊन पूर्ण दिसेनासं होईल. उपाय म्हणजे पॅनेलला डॉक लेफ्ट द्या, म्हणजे ते डाव्या कडेला चिकटेल. मग एमडीआय-क्लायंट उरलेल्या जागेत मावतो आणि एकमेकांवर येण्याचा प्रश्नच राहत नाही. पॅनेल तरंगतं ठेवायचं असेल तर त्याला पॅनेल ठेवू नका, छोटा टूल-विंडो फॉर्म करा आणि मुख्य फॉर्म मालक म्हणून द्या.

विंडोचा पालक बदलणाऱ्या सेट-पेरेंट या फंक्शनने चाइल्ड फॉर्म ओढून दुसरीकडे बसवण्याचा सल्लाही तुम्हाला कोणी दिला असेल. तो घेऊ नका. सेट-पेरेंट चाइल्ड किंवा पॉपअप स्टाइल बदलत नाही, ती आपल्याला हाताने बदलावी लागते, आणि दोन वेगळ्या थ्रेडच्या विंडो अशा जोडल्या की त्यांची इनपुटची रांग एक होते. मग एक अडली की दुसरीही अडते.

डब्ल्यूपीएफमध्ये (डॉटनेटमधलंच फॉर्म बनवायचं दुसरं साधन) मालक देण्याचं काम विंडोची ओनर प्रॉपर्टी करते, फक्त मालक विंडो आधी दाखवलेली असावी लागते, नाहीतर एक्सेप्शन येतं. क्यूटी या सी प्लस प्लसच्या साधनात डायलॉगला पेरेंट दिलं तरी पुरतं.

कोड बदलण्याआधी एकदा व्हिज्युअल स्टुडिओबरोबर येणारं, विंडोंची माहिती दाखवणारं स्पाय प्लस प्लस उघडा. त्यातलं फाइंडरचं चिन्ह ओढून ‘ग्राहक शोधा’वर सोडा आणि प्रॉपर्टीजच्या विंडोज टॅबमध्ये मालकाची ओळ पाहा. आज ती रिकामी दिसेल. शो() मध्ये धिस दिल्यावर तिथे मुख्य फॉर्मचं हँडल यायला हवं. आलं नाही तर तो फॉर्म कुठल्या थ्रेडवरून आणि कुठल्या ओळीने उघडता ते इथे लिहा.