शेत गहाण ठेवून परदेशी एम.एस्सी. करावी का?

अमरावती विद्यापीठातून प्राणिशास्त्रात एम.एस्सी. होत आली असताना, कर्करोग संशोधनासाठी इंग्लंडमध्ये आणखी एक एम.एस्सी. करावी का आणि त्यासाठी आर्णीजवळचे कपाशीचे शेत गहाण टाकावे का, असे तुम्ही विचारले आहे. मीही घाटंजी तालुक्यातलाच असून आता जर्मनीत पेशीविभाजनावर काम करतो, म्हणून स्पष्ट लिहितो: शेताला हात लावू नका.

जर्मनीत जीवशास्त्रातील पीएचडीला बहुतेक ठिकाणी पगार मिळतो, आणि हायडेलबर्गच्या जर्मन कर्करोग संशोधन केंद्रासारख्या संस्था भारतीय एम.एस्सी. झालेल्यांचेही अर्ज घेतात. अमेरिकेत पीएचडीला बहुधा शुल्क माफ होऊन विद्यावेतन मिळते. दोन्हीकडे प्रयोगशाळेतील प्रत्यक्ष अनुभवाला मोठे वजन असते, आणि आपल्या तालुक्याच्या महाविद्यालयांत नेमका तोच मिळत नाही.

तो मिळवण्यासाठी आधी खारघरचे ॲक्ट्रेक (टाटा मेमोरियलचे कर्करोग संशोधन केंद्र) किंवा पुण्याचे एनसीसीएस (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र) येथे प्रकल्प सहायक म्हणून जागा मिळते का, ते पाहा. पगार बेताचाच असेल, पण पेशी सांभाळायला शिकाल. उदाहरणार्थ, हेला पेशी, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी कर्करोगाच्या पेशी, साधारण २४ तासांत दुप्पट होतात. त्यांतला प्रत्यक्ष विभाजनाचा काळ जेमतेम तासाभराचा. विभागणारी पेशी गोल होऊन तळ सैल धरते, म्हणून फ्लास्कला बाजूने हलक्या टिचक्या मारल्या की मुख्यतः तेवढ्याच सुटून द्रवात येतात. जोर जास्त झाला तर इतरही येतात आणि नमुना वाया जातो. हे ज्याने हाताने केले आहे, तो मुलाखतीत लगेच ओळखू येतो.

गावात खर्र्यापायी (तंबाखू-सुपारीच्या मिश्रणापायी) तोंडाचा कर्करोग झालेली माणसे पाहिली, म्हणून औषध शोधायचे आहे, असे तुम्ही लिहिता. भावना खरी आहे, पण अर्जाचा भार तिच्यावर टाकू नका. ब्रिटिश शास्त्रज्ञ टिम हंट यांना समुद्री साळिंदराच्या (सी अर्चिन) अंड्यांत सायक्लिन हे पेशीविभाजन चालवणारे प्रथिन १९८२ मध्ये सापडले. सायक्लिनच्या जोडीने काम करणाऱ्या विकरांना रोखणारे पाल्बोसिक्लिब हे स्तनाच्या कर्करोगावरील औषध अमेरिकेत २०१५ मध्ये मंजूर झाले. म्हणजे मूळ शोधापासून औषधापर्यंत तेहेतीस वर्षे गेली. त्यामुळे कोणता प्रश्न, कोणत्या पेशींवर, कोणत्या प्रयोगाने सोडवणार, एवढेच लिहा.

पीएचडीनंतरच्या नेमणुकाही दोन-तीन वर्षांच्या कराराच्या असतात, हे वडिलांना आताच सांगून ठेवा. शिफारसपत्र मात्र ज्यांच्या हाताखाली प्रयोग केले त्यांचेच घ्या. प्राचार्यांच्या पत्राचा तिथे फारसा उपयोग होत नाही.