नाकाचं हाड 'वाढत' नसतं

गेल्या वेळी घशाबद्दल लिहिलं आणि पत्रं आली नाकाबद्दलची. त्यातल्या निम्म्याअधिक पत्रांत एकच वाक्य आहे : 'नाकाचं हाड वाढलंय.' पत्रं थोडक्यात करून, नावं काढून उत्तरं देते आहे. ही उत्तरं म्हणजे तपासणी नव्हे. नाकात डोकावल्याशिवाय नाकाबद्दल बोलणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, माझ्यावरसुद्धा.

प्रश्न : वय ३४, सातारा. डावी नाकपुडी बंद असते. डॉक्टरांनी 'हाड वाढलंय' म्हणून ऑपरेशन सांगितलं. मामा म्हणतात, हाड पुन्हा वाढतं, त्यांचं वाढलं. काय करू?

उत्तर : हाड वाढत नसतं. मामांचंही वाढलेलं नाही. नाकाच्या दोन पोकळ्यांमध्ये एक पडदा असतो. त्याचा पुढचा भाग कूर्चेचा, कानाच्या वरच्या कडेसारखा लवचीक, मागचा हाडाचा. हा पडदा बहुतेकांचा थोडाफार वाकडाच असतो, माझाही आहे. नुसतं वाकडं असणं हा आजार नव्हे. त्यामुळे श्वास अडत असेल तर तो सरळ करतात, तीच सेप्टोप्लास्टी. ती नाकपुडीच्या आतून होते, चेहऱ्यावर टाका येत नाही आणि नाकाचा आकार बदलावा असा तिचा हेतूही नसतो. कूर्चा कधीकधी सुरुवातीच्या काळात थोडी जुन्या वळणावर जाते, पण पडदा झाडासारखा पुन्हा उगवत नाही.

मग मामांचं काय झालं? बहुधा ॲलर्जी. पडद्याच्या समोर, बाहेरच्या भिंतीवर टर्बिनेट नावाच्या रक्तानं फुगणाऱ्या घड्या असतात. धूळ, गारठा, उदबत्तीचा धूर लागला की त्या फुगतात. ऑपरेशननं पडदा सरळ झाला, ॲलर्जी तशीच राहिली. याखेरीज ज्याला लोक 'मास' म्हणतात ते पॉलिप, आणि ते मात्र खरंच पुन्हा येऊ शकतं. गोष्टी तीन, नाव एक, आणि त्यावरून घरोघरी सल्ले. तुमची डावी बाजूच कायम बंद असते की कधी डावी, कधी उजवी? काही तासांनी बाजू बदलणं निरोगी नाकातही चालू असतं. कान-नाक-घसा तज्ज्ञांना सरळ विचारा : पडदा, टर्बिनेट की पॉलिप? दुर्बिणीनं पाहिलंत का? आधी औषधाचा स्प्रे नेमानं वापरून पाहायचा का?

प्रश्न : नाक मोकळं करणारे थेंब दोन वर्षं रोज रात्री घालतो. चालतं ना?

उत्तर : नाही. हे थेंब चार-पाच दिवसांसाठी असतात, त्यापुढे तेच नाक बंद करू लागतात. सोडवायला डॉक्टरांची मदत घ्या.

प्रश्न : पडद्याचं ऑपरेशन केलं तर यांचं घोरणं थांबेल का?

उत्तर : खात्री नाही, आणि खात्री देणाऱ्याकडे जाऊ नका. आधी झोपेची तपासणी करून घ्या. झोपेत श्वास थांबून दचकून जागे होत असतील तर लगेच.

प्रश्न : वय २६, नाशिक. दोन महिन्यांनी लग्न आहे. नाकाच्या मध्यावर उंचवटा आहे, सासरच्यांनीही सुचवलं. एका क्लिनिकमध्ये स्क्रीनवर नवं नाक दाखवलं. पंधरा मिनिटांचं इंजेक्शन किंवा ऑपरेशन, या आठवड्यात पैसे भरले तर सवलत. नथ कधी घालता येईल? लहानपणापासून उजव्या बाजूनं श्वास कमी येतो. त्यावर ते म्हणाले, तो वेगळा विषय, नंतर ईएनटीला दाखवा.

उत्तर : तुम्ही शेवटी लिहिलेलं वाक्य मी आधी वाचलं. श्वास 'वेगळा विषय' कसा? नाक म्हणजे मांडव समजा. मधला खांब पडदा, वरचं छप्पर म्हणजे हाड आणि कूर्चा. उंचवटा तासायचा म्हणजे छपराचा माथा काढायचा. मग दोन्ही बाजू नीट आधार देऊन बसवल्या नाहीत तर त्या हळूहळू आत ढासळतात. श्वासाची सगळ्यात अरुंद जागा नेमकी तिथंच. फोटोत नाक चाफेकळी दिसतं आणि रात्री बाई तोंड उघडं टाकून झोपते. असे रुग्ण माझ्याकडे तीन-चार वर्षांनी येतात, आणि 'तेव्हा कुणी श्वासाचं विचारलंच नाही' हे जवळजवळ प्रत्येक जण सांगतो.

दुसरी गोष्ट हिशेबाची आहे. नाकाला आधार द्यायला जी कूर्चा लागते ती घ्यायची सगळ्यात सोयीची जागा म्हणजे हाच पडदा. तुमचा पडदा वाकडा निघाला तर तो सरळ करताना निघालेला तुकडा बाहेरच्या आकारासाठी कामी येतो. आधी एकानं आकार दिला आणि 'नंतर' दुसऱ्यानं पडदा उघडला, तर जखमेच्या जुन्या वणांतून वाट काढावी लागते. पडद्यातली कूर्चा संपली असेल तर कानाची, नाहीतर बरगडीची. एका ऑपरेशनचं काम दोन ऑपरेशनांत, तेही जास्त अवघड करून.

माझ्या टेबलावर स्टीलची एक चपटी, गार पट्टी असते. ती नाकाखाली धरून नाकानं श्वास सोडायला सांगते. पट्टीवर वाफेचे दोन डाग उमटतात. कुणाचे सारखे, कुणाचा एक रुपयाच्या नाण्याएवढा आणि दुसरा मुगाच्या दाण्याएवढा. मग गालावर बोट ठेवून गाल हलकेच बाहेर ओढते. श्वास चटकन मोकळा झाला तर दोष पडद्यापेक्षा बाजूच्या भिंतीत असण्याचा संशय येतो. याला ना मशीन लागतं, ना पॅकेज. रोगाचं निदान यानं पूर्ण होत नाही, पण सुरुवात होते. त्या क्लिनिकनं एवढं तरी केलं का?

इंजेक्शनबद्दल. ते फिलर, म्हणजे कातडीखाली भरायचं जेलीसारखं औषध. त्यानं उंचवटा कमी होत नाही, आजूबाजूला भर घालून तो लपवला जातो. नाक मोठंच होतं. श्वासाला फायदा शून्य आणि परिणाम तात्पुरता. नाकावरच्या रक्तवाहिन्यांचं डोळ्याच्या रक्तवाहिन्यांशी नातं आहे. औषध चुकून रक्तवाहिनीत गेलं तर कातडी काळी पडून मरते, क्वचित दृष्टी जाते. 'पंधरा मिनिटांत' हे सांगणारे हे सांगत नाहीत.

स्क्रीनवरचं नाक हे संगणकाचं नाक. त्याला सूज येत नाही आणि त्याची कातडी जाड नसते. आपल्याकडे अनेकांची असते, आणि जाड कातडीखाली शेंड्याचं कोरीव काम झाकलं जातं. तो फोटो आपल्याला काय हवंय हे डॉक्टरांना सांगायला वापरा. तो पावती नव्हे.

दोन महिन्यांत पट्टी निघालेली असेल, काळं-निळं गेलेलं असेल, सूज गेलेली नसेल. शेंड्याची सूज उतरायला वर्ष लागतं, कधी जास्तच. दाबून बसणारी नथ इतक्या लवकर मी तरी घालू देणार नाही. आधी लग्न करा, नथ घाला, फोटो काढा. नंतरही उंचवटा खटकला तर सल्ल्याला एकट्या जा, सासरच्यांशिवाय. ऑपरेशन कोण करणार, त्यांची पदवी काय, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी आहे का, भूल कोण देणार, पुन्हा दुरुस्ती लागली तर काय (चांगल्या हातांनाही ती कधीकधी लागते), हे विचारा. आणि आठवड्यात संपणारी सवलत साड्यांवर असावी.

प्रश्न : मुलगा ११ वर्षांचा. परवा नाकावर चेंडू लागला. एक्स-रे ठीक आहे, पण नाक दोन्ही बाजूंनी बंद आहे. सूज उतरल्यावर दाखवू का?

उत्तर : हा प्रश्न पत्रानं विचारायचाच नव्हता. पत्र मिळताच त्यांना कळवलं, इथं इतरांसाठी छापते आहे. आजच दाखवा. कूर्चा एक्स-रेत दिसत नाही. मारानं पडद्यावर रक्त साचलं की कूर्चेचं पोषण तुटतं; दोन-तीन दिवसांत ती मरू लागते, पू होतो आणि पुढे नाकाचा मधला भाग खाली बसतो. वेळेत रक्त काढणं हे छोटं काम आहे. बसलेलं नाक पुन्हा उभं करणं छोटं नाही. हाड सरकलं असलं तरी मुलांत ते पहिल्या काही दिवसांतच जागेवर बसवायचं असतं.

प्रश्न : प्लास्टिक सर्जरीत नाकात प्लास्टिक घालतात का?

उत्तर : नाही. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ घडवणं. कृत्रिम रोपण काही डॉक्टर वापरतात. वापरणार असतील तर आधी विचारून घ्या.

हा विषय निघालाच आहे तर पुण्याचं एक सांगते. इंग्रज फौजेतला कावसजी नावाचा गाडीवान १७९२च्या सुमारास टिपूच्या कैदेत सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. त्याचं नाक घडवलं पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसानं. नाकाच्या खुंटावर मेणाचा पत्रा बसवून माप घेतलं, तो सपाट करून कपाळावर ठेवला, भोवती रेघ मारली, तेवढं कातडं भुवयांमध्ये चिकटलेलं ठेवून सोललं आणि फिरवून खाली बसवलं. वर पाण्यात मऊ केलेला, विड्यात घालतात तो कात फासलेल्या कापडाच्या पट्ट्या, चार दिवसांनी तुपात बुडवलेली फडकी. ही हकिकत ऑक्टोबर १७९४मध्ये लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आली आणि १८१४मध्ये जोसेफ कार्प्यू या इंग्रज सर्जननं ती पद्धत इंग्लंडमध्ये वापरली. कपाळाच्या कातड्याचं नाक आजही करतात. काताऐवजी आता टाके असतात.

प्रश्न : ऑपरेशननंतर फार दुखतं का? ऑफिसला कधी जाता येईल?

उत्तर : दुखतं कमी, चोंदतं जास्त. पहिल्या रात्री तोंडानं श्वास घ्यावा लागतो, घसा कोरडा पडतो, झोप लागत नाही. उशाला दोन उशा घ्या. हाडाला हात लावला असेल तर डोळ्यांखालचं काळं-निळं दहा ते चौदा दिवस राहतं. बाहेरची पट्टी साधारण आठवड्यानं निघते. फक्त पडदा असेल तर ऑफिस आठवड्यानं, आकारही बदलला असेल तर दोन आठवड्यांनी. तोवर नाक शिंकरू नका. शिंक आलीच तर तोंड उघडून. चष्मा चार ते सहा आठवडे नाकावर टेकवायचा नाही. शेंडा काही महिने बधिर राहतो. सिगारेट आधीपासून बंद. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मात्र स्वतःहून बंद करू नका, ज्यांनी दिल्या त्यांना विचारा. तूप, तेल, जलनेती यातलं काहीही सर्जनला विचारल्याशिवाय नाही, आत्या कितीही अनुभवी असली तरी. रक्त थांबत नसेल, ताप किंवा जोराची डोकेदुखी असेल, दिसण्यात फरक पडला तर रुग्णालय गाठा.

प्रश्न : पडद्याच्या ऑपरेशनच्या विम्यात आकाराचाही खर्च बसवून द्याल का?

उत्तर : नाही.

प्रश्न : वय ६१. नाकाचा शेंडा खाली आलाय, श्वासही जड झालाय. या वयात नाकाचं ऑपरेशन शोभेल का, असं घरचे विचारतात.

उत्तर : शोभण्याचं मला कळत नाही. आरशासमोर उभं राहून शेंडा बोटानं थोडा वर उचला आणि श्वास घ्या. मोकळं वाटलं तर येऊन भेटा. येताना रक्तदाबाच्या गोळ्यांची चिठ्ठी आणा आणि तिशीतला एखादा बाजूनं काढलेला फोटोही.