नाताळचं घरपत्र: कुणाचं काय लिहावं, काय वगळावं

वर्षातून एकदा सगळ्या आप्तेष्टांना घरची खबरबात कळवणाऱ्या नाताळच्या पत्राविषयी वाचकांनी विचारलेले काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

पत्र दरवर्षी 23 डिसेंबरला घाईघाईत लिहिलं जातं. सुरुवात कधी करावी, आणि किती लिहावं?

आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळच्या तयारीच्या काळाच्या, पहिल्या रविवारी पत्र रवाना होईल असं बघा. नाताळच्या आधीचे चार रविवार मागे मोजले की तो रविवार सापडतो. 2026 मध्ये तो 29 नोव्हेंबरला आहे. म्हणजे 15 नोव्हेंबरच्या सुमारास कच्चा मजकूर हवा. मधले दोन आठवडे लिहिण्यासाठी नसून ज्यांच्याविषयी लिहिलंय त्यांना मजकूर दाखवण्यासाठी असतात. घाईत तेवढीच पायरी गाळली जाते आणि पुढच्या सगळ्या तक्रारी तिथूनच येतात.

लांबी ए-फोर कागदाची एक बाजू, साधारण 350 ते 400 शब्द. अक्षर 12 पॉइंटपेक्षा लहान नको, वयस्कर मंडळींसाठी काही प्रती 16 पॉइंटमध्ये काढा. घरात चार माणसं असतील तर प्रत्येकाला तीन-चार ओळी, एक परिच्छेद सगळ्यांचा मिळून आणि शेवटी सणाच्या शुभेच्छा. महिन्यांच्या क्रमाने लिहू नका. तसं लिहिलं की जानेवारीतली सहल अर्धं पान खाते आणि ऑक्टोबरमधलं ऑपरेशन एका ओळीत उरकतं.

मिस्टरांना ऑक्टोबरमध्ये कॅन्सरचं निदान झालं. निम्म्या नातेवाइकांना माहीत आहे, निम्म्यांना नाही. पत्रात लिहावं का? लिहायचं तर किती?

आजाराची बातमी पत्रात द्यायला काहीच हरकत नाही. बायबलमधल्या पत्रांत प्रेषित पौलाने फिलिप्पै शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहिताना आपला सोबती एपफ्रदीत मरणाच्या दारी पोहोचला होता हे कळवलं आहे आणि शिष्य तीमथ्याला लिहिताना दुसरा सोबती त्रफिम याला आजारी असल्याने मिलेत शहरात ठेवून आलो हेही. मात्र आधी तीन गोष्टी व्हायला हव्यात.

पहिली, जवळच्या कुणालाही ही बातमी पत्रातून पहिल्यांदा कळता कामा नये. भावंडं, दोन्हीकडचे आईवडील, मुलांच्या आत्या-मावश्या-काका-मामा यांना आधी फोन. दुसरी, आजाराचं नाव घ्यायचं की नुसतं ‘उपचार सुरू आहेत’ म्हणायचं, हे आजारी माणसाने ठरवायचं. ते तुम्ही किंवा सासूबाईंनी ठरवायचं नाही. तिसरी, घरातल्या मुलांना पत्रातल्यापेक्षा कमी माहिती असेल तर पत्र थांबवा. लोक मुलांशी त्याविषयी बोलणारच.

मजकुरात बरं होण्याची टक्केवारी, आजाराची स्टेज, ‘डॉक्टर म्हणाले अमुक महिने’ हे काही नको. पत्र पुढे पाठवलं जातं आणि फिरत फिरत रुग्णाच्याच फोनवर येतं. जे लिहाल त्याला तारीख जोडा, कारण पत्र कुणी डिसेंबरमध्ये वाचेल, कुणी फेब्रुवारीत. असं काहीसं लिहिता येईल:

‘ऑक्टोबरमध्ये यांच्या मोठ्या आतड्यात कॅन्सरची गाठ असल्याचं निदान झालं. ऑपरेशन झालं असून केमो सुरू आहे. 20 नोव्हेंबरपर्यंतची ही स्थिती आहे. सध्या घरी भेटायला येऊ नये, रविवारी संध्याकाळी 5 ते 6 फोन चालेल. पुढच्या बातम्या धाकटे दीर कळवतील. उपचार ठरलेले आहेत, तेव्हा नवे उपाय सुचवू नयेत ही विनंती. पुढच्या फेरीत उलट्या कमी व्हाव्यात आणि दोन घास पोटात जावेत यासाठी प्रार्थना करा.’

यातलं प्रत्येक वाक्य काहीतरी टाळतं. भेटीचं लिहिलं नाही तर माणसं दारात उभी राहतात. बऱ्याच केमो औषधांनंतर साधारण 7 ते 14 दिवसांच्या टप्प्यात संसर्गाशी लढणाऱ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी सगळ्यांत कमी असतात आणि अशा वेळी पाहुण्यांची साधी सर्दीही रुग्णाला दवाखान्यात पोहोचवू शकते. फादर किंवा पाळकसाहेब घरी येणार असतील तर त्यांनाही हे दिवस आधी सांगून ठेवा. निरोप देणारा एकच माणूस नेमला नाही तर तोच रिपोर्ट तुम्हाला तीस वेळा वाचून दाखवावा लागतो. उपाय सुचवू नका असं म्हटलं नाही तर काढ्यांच्या पाककृती आणि व्हिडिओ येऊन पडतात. आणि नुसतं ‘प्रार्थनेत आठवण असू द्या’ लिहिलं की काय झालं हे विचारायला फोन सुरू होतात. नेमकी विनंती केली तर लोक तीच प्रार्थना करतात आणि पुढच्या वेळी तेवढंच विचारतात, हा फरक मोठा आहे.

औषधोपचारासाठी पैशांची मदत हवी असेल तर ती या पत्रात मागू नका. ज्यांच्याकडे मागायची त्यांना वेगळं पत्र लिहा.

स्कॅनमध्ये आता गाठ दिसत नाही. ‘देवाने पूर्ण बरं केलं’ अशी साक्ष पत्रात द्यावी असं आमच्या प्रार्थनागटाचं म्हणणं आहे.

जे घडलं त्याबद्दल मोकळेपणाने उपकार माना: ‘नोव्हेंबरच्या स्कॅनमध्ये गाठ दिसली नाही, देवाची स्तुती असो.’ यात सत्यही आहे आणि साक्षही. ‘पूर्ण बरं’ हा निकाल मात्र एका स्कॅनवर देता येत नाही. म्हणूनच उपचार संपल्यावरही डॉक्टर काही वर्षं तपासण्या चालू ठेवतात. गाठ परत आली तर पुढचं पत्र लिहिणं अवघड होतं, आणि ‘विश्वास कमी पडला असेल’ असं म्हणणारे निघतात. त्याचं ओझं रुग्णावर पडतं. गटाचा उत्साह समजण्यासारखा आहे, पण पत्राखाली सही तुमची असते.

मुलगी 15 वर्षांची. यंदा तिने दृढीकरणाच्या (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करण्याच्या विधीच्या) वर्गाला जायला नकार दिला. धाकट्याने मात्र पहिला ख्रिस्तप्रसाद (पहिलं कम्युनियन) घेतला. एकाचं लिहिलं आणि एकीचं नाही, तर लोक विचारतील.

विचारू देत. तिचा नकार हा तिचा आणि देवाचा, फार तर तिचा आणि तुमचा विषय आहे, पत्राचा नाही. ‘तिच्यासाठी विशेष प्रार्थना करा’ असं आडून लिहिणं तर त्याहून वाईट. मुलांना त्यातला अर्थ बरोबर कळतो आणि पुढच्या सणाला प्रत्येक मावशी तिला बाजूला घेऊन समजावू लागते.

तिच्या तीन ओळी तिलाच लिहायला सांगा. तेरा-चौदाच्या पुढच्या मुलांसाठी हाच नियम ठेवा: आपला परिच्छेद त्यांनी वाचायचा आणि हवं ते वाक्य खोडायचं. खोडलेल्या वाक्याची चर्चा करायची नाही. धाकट्याचा सोहळा त्याच्या ओळींत येऊ द्या, फक्त ‘ताईपेक्षा’ हा शब्द कुठेही नको. मार्क नकोत. शाळेचं नाव, इयत्ता आणि पूर्ण जन्मतारीख एका कागदावर एकत्र देऊ नका.

बाळाच्या बाप्तिस्म्याची तारीख आणि धर्ममातापित्यांची (गॉडपेरेंट्सची) नावं पत्रात जाहीर करायची आहेत.

दोन्ही पक्कं झाल्याशिवाय नको. कॅथलिक असाल तर धर्मपिता किंवा धर्ममाता होणाऱ्याचं वय साधारणपणे 16 पूर्ण हवं, त्याने दृढीकरण आणि ख्रिस्तप्रसाद घेतलेला असावा, आणि बाळाचे स्वतःचे आईवडील चालत नाहीत. दुसऱ्या पंथातली बाप्तिस्मा झालेली व्यक्ती कॅथलिक धर्मपालकाच्या जोडीने साक्षीदार म्हणून उभी राहू शकते. नाव छापून झाल्यावर त्या काकांचं दृढीकरणच झालेलं नाही हे कळतं आणि मग कुणाला तरी दुखवावं लागतं. प्रोटेस्टंट मंडळ्यांमध्ये (चर्चमध्ये) नियम वेगवेगळे आहेत. पाळकांना विचारा. काही मंडळ्या बाळाचा बाप्तिस्मा करतच नाहीत, बाळाचं समर्पण करतात. पत्रात ‘समर्पण’ असंच लिहा, नाहीतर निमंत्रित चुकीच्या अपेक्षेने येतील.

पाळकांशी मतभेद होऊन आम्ही मंडळी बदलली. हे कसं लिहावं?

‘जूनपासून आम्ही अमुक मंडळीत उपासनेला जातो.’ एवढंच. कारण लिहिलं की पत्र जुन्या मंडळीत पोहोचतंच आणि तिकडून उत्तर येतं.

वडील मार्चमध्ये प्रभूमध्ये निजले (वारले). आनंदाच्या पत्रात हे कुठे घालावं?

दुसऱ्या परिच्छेदात, तारखेसह, सरळ शब्दांत. शेवटी ठेवलंत तर सहलीचे किस्से हसत वाचत आलेला माणूस तिथे दचकतो. पत्ते लिहिण्याआधी यादीही तपासा: या वर्षी कुणाचा जोडीदार गेला, कोण विभक्त झालं. गेलेल्या माणसाच्या नावाने आलेलं पाकीट फार लागतं. अशा घरी छापील पत्राबरोबर हाताने लिहिलेल्या दोन ओळी जाऊ द्या, त्यात गेलेल्याचं नाव घ्या.

पत्र व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं तर काहींना नुसते चौकोन दिसले, काहींना मिळालंच नाही.

चौकोन किंवा अगम्य अक्षरं म्हणजे बहुधा युनिकोड (सगळ्या फोन-संगणकांवर चालणारी अक्षरपद्धत) नसलेला जुना फाँट. युनिकोडमध्ये टाइप करून पीडीएफ करा, पीडीएफमध्ये फाँट आतच बसतो. न मिळण्याचं कारण बहुधा ब्रॉडकास्ट लिस्ट: ज्यांनी तुमचा नंबर जतन केलाय त्यांनाच तो निरोप जातो. तरी ग्रुपपेक्षा ब्रॉडकास्ट बरा, कारण आजाराविषयी कुणी लिहिलेलं उत्तर सगळ्यांना दिसत नाही. छापायला फोटो हवा असेल तर 4 बाय 6 इंचासाठी किमान 1200 बाय 1800 पिक्सेल लागतात, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो आक्रसतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, पण त्यात जागेची नोंद टिकून राहते. मुलांचे घरी काढलेले फोटो असतील तर ती आधी काढून टाका.

नाताळ उलटून गेला तर?

6 जानेवारीच्या प्रकटीकरणाच्या सणापर्यंत (एपिफनीपर्यंत) खुशाल पाठवा. त्यानंतर मात्र ‘उशीर झाला, क्षमस्व’ लिहून फेब्रुवारीत पाठवण्यापेक्षा ईस्टरचं पत्र करा. 2027 मध्ये ईस्टर 28 मार्चला आहे आणि ईस्टरआधीचा उपवासकाळ 10 फेब्रुवारीला, राखेच्या बुधवारी (अ‍ॅश वेन्सडेला), सुरू होतो. मजकूर तोच चालेल, आजाराच्या परिच्छेदातली तारीख आणि स्थिती तेवढी बदला.