‘डॉक्टरकडे करू, तिला कळणारही नाही’

मावशी,

मी बोहरा आहे. वडिलांचं तालुक्याच्या गावात हार्डवेअरचं दुकान, त्यामुळे माझी शाळा मराठी आणि तुमचं सदर लहानपणापासूनचं. माझी मुलगी दिवाळीत सात वर्षांची होईल. सासूबाईंनी दोनदा आठवण केली आहे, ‘तिचं करून घ्यायला हवं.’ म्हणजे खतना, मुलीच्या गुप्तांगावरची कातडी कापणं. मी तेवढीच होते तेव्हा आई ‘आइस्क्रीम खायला’ म्हणून मला मुंबईला घेऊन गेली. भेंडीबाजारातल्या एका खोलीत म्हातारी बाई होती. आईनंच माझे पाय धरले. येताना म्हणाली, कुणाला सांगू नकोस. मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. अजून मुलीला ‘चल, आइस्क्रीम खाऊ’ म्हणताना जीभ अडखळते.

नणंद शिकलेली आहे. ती म्हणते, आता डॉक्टर करतात, जरासं टोचतात, कळतही नाही. मुलग्यांचं करतोच ना? नवरा म्हणतो, बायकांचं तुम्ही बघा. सासूबाई वाईट नाहीत, माझ्या दोन्ही बाळंतपणांत त्यांनी रात्री जागवल्यात. त्या म्हणाल्या, ‘तुम्ही दोघी घेऊन जा. मी त्या खोलीत येणार नाही, मला बघवत नाही.’ मला हे करायचं नाही. पण नाही म्हटलं आणि समाजानं बाजूला टाकलं तर? ‘झालं’ असं खोटंच सांगून मोकळी होऊ का? आईला या वयात जाब विचारू का? आणि माझ्यातलंच काही कायमचं गेलंय का, हेही विचारायचं होतं. हे छापलंत तर लोक आमच्या समाजाला नावं ठेवतील, याचीही भीती वाटते.

— एक आई

*

बाळ,

तुझं पत्र वाचताना मी एका वाक्यापाशी थांबले, आणि ते तुझं नव्हे, तुझ्या सासूबाईंचं आहे. ‘मी त्या खोलीत येणार नाही, मला बघवत नाही.’ ज्या बाईला हे योग्य वाटतं, शुद्ध वाटतं, धर्माचं वाटतं, तिला बघवत का नाही? नातवाच्या सुंतेला जेवणावळ घालताना त्या खोलीबाहेर पळाल्या होत्या का? माझा अंदाज असा, की त्यांनाही हे नको आहे. फक्त ‘नको’ हा शब्द घरात पहिल्यांदा कुणी उच्चारायचा, एवढाच प्रश्न आहे. तू सासूला घाबरतेस, सासू जमातीतल्या बायकांना घाबरते, आणि त्या बायका घरी जाऊन कुणाला घाबरतात ते त्यांचं त्यांना ठाऊक.

हे मी हवेत बोलत नाही. ‘सहियो’ नावाची संस्था २०१५ मध्ये सुरू झाली. गुजरातीत सहियो म्हणजे मैत्रिणी, हे तुला सांगायला नको. त्यांनी जगभरातल्या ३८५ दाऊदी बोहरा बायकांना प्रश्न विचारले आणि २०१७ मध्ये उत्तरं प्रसिद्ध केली. ८० टक्के बायकांचं खतना झालेलं होतं. आणि ८१ टक्के म्हणत होत्या, हे पुढे चालू नये. अशा पाहणीला उत्तर द्यायला ज्या पुढे येतात त्या आधीच विचार करणाऱ्या असतात, म्हणून हा आकडा साऱ्या समाजाचा धरू नकोस. पण पुढच्याच वर्षी दुसरा एक अभ्यास आला, चौऱ्याण्णव जणांशी बोलून केलेला. त्यांच्या सात वर्षांच्या आणि त्याहून मोठ्या मुलींपैकी पंचाहत्तर टक्के मुलींचं खतना झालेलं निघालं. दोन्ही अभ्यासांतली माणसं वेगळी, हे खरं. तरी शेजारीशेजारी ठेवून पाहिलं की दिसतं ते हेच: मन फिरलेलं आहे, हात अजून जुन्याच वळणानं चालतो आहे. तुझं घर त्या दोन्हींच्या मधे उभं आहे.

आमच्याकडे काही वेगळं नव्हतं. माझ्या पणजीचं केशवपन झालं होतं. तिला त्याचा इतका राग होता की न्हावी दारात आला की ती देवघरात जाऊन बसायची, असं आजी सांगे. आणि तरी धाकटी जाऊ विधवा झाली तेव्हा न्हाव्याला निरोप पाठवणारी पणजीच होती. ‘लोक काय म्हणतील’ हे वाक्य आमच्या घरात पुरुषांपेक्षा बायकांनीच जास्त राखलं. त्यामुळे तुझ्या समाजाला नावं ठेवणाऱ्यांना माझ्या सदरात जागा नाही. बहुसंख्य भारतीय मुसलमानांमध्ये ही प्रथा नाही, म्हणून याचं निमित्त करून एखाद्या धर्माला झोडपायला निघालेल्यांनीही इथेच थांबावं.

शिवाय हे बदलायला बाहेरची कुणी आली नाही. २०११ मध्ये धर्मगुरूंना उद्देशून ऑनलाइन अर्ज निघाला तो ‘तस्लीम’ या टोपणनावानं. खरं नाव द्यायची हिंमत होईना. चारच वर्षांनी, २०१५ मध्ये, मासूमा रानालवी यांनी स्वतःच्या नावानं स्वतःचा अनुभव लिहिला आणि त्यांच्याबरोबर इतर बोहरा बायकांनीही खतना थांबवावा म्हणून नावानिशी सह्या केल्या. मुंबईत सहियोच्या ‘थाळ पे चर्चा’ला बायका जमतात, जेवता जेवता याच विषयावर बोलतात. ज्या थाळाभोवती आठ जणी बसून दुसऱ्यांच्या सुनांबद्दल बोलायच्या, त्याच थाळाभोवती. मला या सगळ्या प्रकरणात ही गोष्ट फार आवडते.

आता नणंदेचं. तिच्याशी भांडू नकोस, ती एकटी नाही. चांगल्या शिकलेल्या बोहरा बायकांची एक संघटनाच सुप्रीम कोर्टात उभी राहिली, की हे निरुपद्रवी आहे, आमचा धार्मिक हक्क आहे. त्यांच्या श्रद्धेबद्दल मी शंका घेत नाही. पण ‘जरासं टोचतात’ याचं उत्तर सरळ आहे. सात वर्षांच्या मुलीच्या शरीरात शिश्निकेवरची (क्लिटोरिसवरची) ती कातडी आणि खालची शिश्निका यांच्यात अंतर असं नसतंच. पोर हलली, हात चुकला, की काय कापलं गेलं ते करणाऱ्यालाही सांगता येत नाही. पूर्वी अंधाऱ्या खोलीत ब्लेडनं होत होतं, आता दिव्याखाली हातमोजे घालून होईल, पण कशासाठी, हा प्रश्न तसाच राहतो. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की याचा आरोग्याला काडीचा फायदा नाही आणि डॉक्टरांनीही हे करू नये. मुलग्यांच्या सुंतेबद्दल वाद घालायचा तर वेगळा घालू. पण मुलग्याची सुंता त्याची वासना ताब्यात राहावी म्हणून करतो असं कुणी म्हणत नाही. मुलीच्या त्या इवल्या मांसाला मात्र ‘हराम नी बोटी’, म्हणजे पापाचा मांसतुकडा, म्हणतात. नणंदेला एवढंच विचार, की सात वर्षांच्या पोरीच्या अंगात हराम ते काय असतं?

सासूबाईंशी बोलायला माझ्याकडे एक जास्त उपयोगी गोष्ट आहे. २०१५ मध्ये सिडनीत बोहरा मुलींच्या खतन्याच्या खटल्यात तिघांना दोषी ठरवलं गेलं. त्यानंतर २०१६ मध्ये तिथल्या, लंडनच्या, अमेरिकेतल्या बोहरा जमातींनी, म्हणजे तिथल्या स्थानिक मंडळांनी, आपल्या लोकांना लेखी कळवलं: इथल्या कायद्यात हे बसत नाही, करू नका. त्याच जूनमध्ये सय्यदना साहेबांच्या, म्हणजे तुमच्या सर्वोच्च धर्मगुरूंच्या, निवेदनातही विधी ग्रंथात सांगितलेला आहे असं म्हणून पुढे ज्या देशात राहता त्याचा कायदा पाळा असं म्हटलेलं होतं. मग सासूबाईंना विचार, लंडनच्या आपल्या मुली बिनखतन्याच्या वाढतायत, त्या काय बोहरा नाहीत? त्यांची मिसाक, धर्मनिष्ठेची शपथ, होत नाही? त्यांची लग्नं होत नाहीत? धर्म बुडाला असता तर पत्र निघालं असतं का? जमातीच्या शब्दाला मानणाऱ्या बाईला जमातीचाच शब्द दाखवावा. माझ्यासारख्या परकीनं लिहिलेलं कात्रण दाखवलंस तर बोलणं तिथेच संपेल.

कायद्याचं थोडक्यात सांगते. आपल्याकडे खतन्याचं नाव घेऊन बंदी करणारा कायदा नाही. २०१७ मध्ये बंदीसाठी सुप्रीम कोर्टात याचिका झाली, तेव्हा सरकारनं कोर्टाला सांगितलं की असं घडतं याचा अधिकृत आकडाच नाही. (सात वर्षांच्या मुलींना ‘कुणाला सांगू नकोस’ म्हटलं जातं तिथे आकडा देणार कोण?) २०१८ मध्ये मात्र केंद्राच्या वतीनं ॲटर्नी जनरलनी सांगितलं की हा आताच्या कायद्यांनीही गुन्हाच आहे, मुलांच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पोक्सो कायद्यानंही. मग प्रकरण पाच न्यायाधीशांकडे आणि पुढच्या वर्षी त्याहून मोठ्या पीठाकडे गेलं. राहिली वाळीत टाकण्याची भीती. महाराष्ट्रात २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. तो माहीत असू दे. पण कायदा दाखवून मयतीला माणसं येत नाहीत, हे तुलाही कळतं आणि मलाही. म्हणून आधी आपल्या बाजूनं माणसं जमव.

पहिला माणूस तुझा नवरा. ‘बायकांचं तुम्ही बघा’ हे त्याला परवडतं, कारण त्याला काहीच माहीत नाही. एका रात्री मुलं झोपल्यावर त्याला सांग. खतना वाईट की चांगला यावर भाषण नको. ती खोली, ती बाई, कोणी पाय धरले होते, तेवढंच. तो गप्प बसेल. बसू दे. दुसऱ्या दिवशी त्याच्याकडून एकच वाक्य हवं, आपल्या आईला: ‘माझ्या मुलीचं करायचं नाही.’ ‘बायकोला करायचं नाही’ असं तो म्हणाला तर परत पाठव. बापानं स्वतःच्या तोंडानं म्हटलं की पुष्कळ घरांतलं पुढचं बोलणंच खुंटतं.

खोटं सांगायचं का? बऱ्याच जणी सांगतात, मला ठाऊक आहे. उद्या घरात वेळ आणीबाणीची आली तर खुशाल सांग, मी तुझ्या पाठीशी आहे. पोरीच्या अंगापुढे तुझं सत्य मोठं नाही. पण पहिला उपाय म्हणून नको. तू ‘झालं’ म्हणालीस की तुझ्या जावेला, चुलतबहिणीला उद्या तुझं नाव सांगितलं जाईल, ‘बघ, तिनंसुद्धा केलं.’ केनियात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांत खतना झालेल्यांचं प्रमाण १९९८ साली ३८ टक्के होतं, २०२२ मध्ये १५ वर आलं. सेनेगलमध्ये १९९७ साली मालिकुंडा बंबारा गावच्या बायकांनी चारचौघांत उभं राहून जाहीर केलं की आम्ही यापुढे करणार नाही. त्यांचं जमलं, कारण प्रत्येकीला कळलं की शेजारीणही करणार नाही. तू गावभर जाहीर कर असं म्हणत नाही. एका विश्वासू बहिणीला सांगितलंस तरी दोघी झालात.

आईचं विचारलंस. ‘का केलंस’ असं विचारू नकोस, त्याला तिच्याकडे उत्तर नसेल आणि तुला राग येईल. ‘अम्मा, तुझं कोणी केलं होतं?’ असं विचार. मग ऐक. राग तुझा खराच आहे, तो गिळ असं मी सांगत नाही. पण ती खोली तिनं तुझ्या आधी पाहिलेली आहे, आणि तिलाही कुणीतरी सांगू नकोस म्हणालं असणार.

आणि तू. तुझ्यातलं काय गेलं, काय राहिलं, हे मला पत्रावरून कळणार नाही आणि तुला मनात घोळवूनही कळणार नाही. काहींना संबंधांच्या वेळी दुखतं, काहींना भीतीच वाटते, काहींना कसलाच त्रास होत नाही. चांगल्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे जा, लहानपणी खतना झालाय हे शब्दांत सांग, तपासून घे. त्या दचकल्या किंवा उपदेश करू लागल्या तर दुसरीकडे जा. रात्री ती खोली अजून डोळ्यांसमोर येत असेल तर समुपदेशकाशीही बोल. मुलीला वाचवणं आणि स्वतःकडे बघणं, दोन्ही एकाच वेळी चालू शकतं.

दिवाळीच्या सुट्टीत मुलीला आजीबरोबर किंवा आत्याबरोबर एकटी मुंबईला धाडू नकोस. सासूबाई कितीही मायेच्या असल्या तरी नाही. गाडीत तू बस, नाहीतर यंदा जाणं रद्द. कुणी जबरदस्तीनं नेतंय अशी पाळी आलीच तर १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन कर, नंबर आताच फोनमध्ये घालून ठेव.

आणि पोरीला खतना म्हणजे काय हे एवढ्यात सांगायला नको. तिला हे सांग: आई जवळ नसताना कुणी चड्डी काढायला सांगितली, मग ती आजी असो, आत्या असो की डॉक्टर, तर नाही म्हणायचं, आणि ऐकलं नाही तर मोठ्यानं ओरडायचं. आणि जे कुणी ‘हे कुणाला सांगू नकोस’ म्हणेल, ते सगळ्यात आधी मला येऊन सांगायचं.

— मावशी