ताई, वारीत पाणी तोडू नका

प्रश्न : माझं वय ५१. बाळापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या काही बाया शेगावच्या पालखीमागे पंढरपूरला पायदळ जातात. यंदा मीही निघतेय. मला शुगर आहे, गोळ्या सुरू आहेत. सासूबाई म्हणतात, वारी अनवाणीच करावी. तयारी काय करू?

उत्तर : ताई, अवश्य जा. पण अनवाणी नको. शुगरच्या माणसाला पायात काटा रुतला तरी कधी कधी कळत नाही, अन् जखम लवकर भरत नाही. पालखीपुढे माथा टेकताना चपला काढीनच, असं सासूबाईंना सांगा. चपला आत्ताच घ्या, वावरात जाता-येता महिनाभर वापरा. मुक्कामी पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करा आणि सोबतिणीला तळवे पाहू द्या. फोड आला तर सुईनं फोडायचा नाही. गोळी घेऊन उपाशीपोटी चालू नका, शुगर एकदम उतरली तर तोंडात टाकायला गुळाचा खडा ओच्यात असू द्या. वाटेतल्या एकादशीच्या उपासाचं डॉक्टरांना आधी विचारा.

आता जे कोणी बोलत नाही ते. वाट ७०० किलोमीटरच्या वर. परभणी, परळी, अंबाजोगाई, तुळजापूर, सोलापूर करत महिनाभर चालायचं. आडोसा नाही म्हणून बाया पाणीच पीत नाहीत. पहिल्या वारीत मीही तेच केलं. परळीच्या अलीकडे उन्हाळी लागली. लघवीला आग, अंगात ताप. दोन दिवस सामानाच्या ट्रकमध्ये गोणपाटावर पडून होते. टाळ ऐकू यायचे, उठवत नव्हतं. खूप रडले.

तेव्हापासून तहान लागायची वाट पाहत नाही, घोट घोट पीत राहते. उलटी-जुलाब झाले तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर अन् अर्धा चमचा मीठ घालून देतात. तुम्ही मात्र शुगर तपासून, डॉक्टरांना विचारूनच घ्या. पहाटे निघण्याआधी चार-पाच जणींनी मिळून जाऊन यायचं. दिवसा रस्त्याकडेच्या घरी सरळ विचारायचं, ‘माय, संडासला जाऊ देता का?’ इतक्या वर्षांत मला एकाही घरानं नाही म्हटलं नाही. उलट एकीनं गरम पाण्याची बादली दिली, पाय शेकून घ्या म्हणाली.

जिथं घरच नाही तिथं जुनं लुगडं कामी येतं. म्हणून दोन घ्या. एक पांघरायला, दुसरं दोघींनी आडवं धरायला.