उभी इंग्रजी घड्याळे: आधी भोके पाहा, मग नाव

इंग्लंडमधल्या जुन्या लाँगकेस (उंच लाकडी पेटीतल्या) घड्याळांबद्दल पुन्हापुन्हा विचारले जाणारे चार प्रश्न.

प्रश्न: घड्याळ रोज दीड मिनिट मागे पडते.
उत्तर: लोलकाच्या गोळ्याखालचा नट फिरवून गोळा २ मिलिमीटर वर घ्या. सेकंदाच्या लोलकात (एका झोक्याला एक सेकंद घेणाऱ्या) १ मिलिमीटरला दिवसाचा साधारण ४३ सेकंदांचा फरक पडतो.

प्रश्न: दर आठवड्याला ठरावीक दिवशीच बंद पडते. यंत्र झिजले का?
उत्तर: बहुधा नाही. वजने उतरत गोळ्याच्या उंचीला आली आणि पेटी डगमगती असली, की वजनेही झुलू लागतात आणि लोलकाचा जोर खातात. गालिच्यावर ठेवलेल्या पेटीत हे हमखास होते. पेटी पाठीच्या फळीतून भिंतीला घट्ट बसवा. फळीला जुने भोक असेल तर तेच वापरा, नवे पाडू नका. तरीही टिकटिक लंगडी, म्हणजे असमान, वाटली, तर दुरुस्तीकाराला दाखवा.

प्रश्न: रंगीत तबकडीवर हॅलिफॅक्सच्या कारागिराचे नाव आहे, मागच्या लोखंडी पट्टीवर 'ऑसबॉर्न'. विक्रेता म्हणतो, खरा कारागीर ऑसबॉर्न, म्हणून किंमत जास्त.
उत्तर: साफ चूक. ऑसबॉर्न हे बर्मिंगहॅमचे तबकडीवाले. १७७२ मध्ये ऑसबॉर्न आणि विल्सन यांनी रंगीत तबकड्या विकायला काढल्या, १७७७ मध्ये वेगळे झाले. तबकडी आणि यंत्र यांच्यामधली ती पट्टी असते ती तबकडी कोणत्याही यंत्रावर बसावी म्हणून. यंत्र कोणी केले, हे तिच्यावरून कळत नाही. तबकडीवरचे नावही पुष्कळदा विकणाऱ्याचेच असते, आणि ते मागाहून रंगवलेलेही असू शकते.

खरी भीती वेगळीच आहे: एकाची पेटी, दुसऱ्याचे यंत्र. म्हणून तबकडी काढायला लावा. यंत्राच्या पुढच्या प्लेटवर आधीची तबकडी बसवण्याची, आता बुजवलेली भोके दिसली, तर तबकडी नंतर आली आहे. यंत्राच्या बैठकीच्या फळीखाली, पेटीच्या बाजूंच्या टोकांवर पातळ पट्ट्या ठोकल्या आहेत का? टोके कापली आहेत का? तसे असेल, तर पेटी दुसऱ्या यंत्रासाठी जुळवलेली असू शकते. पाठीच्या फळीवर गोळा घासल्याच्या वळणदार रेघा शोधा. त्या आजच्या गोळ्याच्या उंचीला जुळत नसतील, तर आत पूर्वी दुसरे यंत्र होते. असा जोड चालतो छान, पण 'सगळे मूळचे' या भावाने विकणे ही फसवणूक. तबकडी न काढता दिलेल्या प्रमाणपत्रावर पैसे मोजू नका. आधी ब्रिटिश हॉरॉलॉजिकल इन्स्टिट्यूट या घड्याळकारांच्या संस्थेच्या मान्यताप्राप्त दुरुस्तीकाराचे मत घ्या.

प्रश्न: चाकांवर फवाऱ्याचे तेल मारले, छान चालतेय. वर्षाने दाखवले तर चालेल?
उत्तर: नाही. तेल मुख्यतः आसांच्या टोकांना, तेही थेंबभर. दातांवरच्या तेलात धूळ रुतते आणि पितळी दात पोलादी पिनियनला (लहान दातेरी चाकाला) कानशीसारखे घासतात. आजच लोलक थांबवा, वजने काढा आणि दुरुस्तीकाराला बोलवा. वजने काढताना तबकडीला हाताचा आधार द्या. यंत्र पुढच्या बाजूला जड असते, वजने सुटली की पुढे कलंडते.