धाकट्याला व्हेंटिलेटरसह घरी आणतोय, मोठ्या मुलीला कसं सांभाळावं?

ताई, तुम्ही लिहिलंय की चार वर्षांच्या मुलाला एसएमए टाइप २ (स्नायू दुबळे करत जाणारा जनुकीय आजार) आहे, न्यूमोनियानंतर श्वासासाठी गळ्यात नळी बसवावी लागली आणि आता डॉक्टर व्हेंटिलेटरसह घरी न्या म्हणतायत. मुलगी नऊ वर्षांची आहे आणि हल्ली घुमी झालीय. तिला किती सांगायचं, कामात घ्यायचं का, की सगळं मार्गी लागेपर्यंत आजीकडे गावी ठेवायचं, हा तुमचा प्रश्न.

मी डॉक्टर नाही. मी तुमच्या मुलीच्या जागी होते. माझ्या धाकट्या भावाला हाच आजार आहे. त्याला नळी बसवली तेव्हा मी चौथीत होते आणि नाशिकच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात त्या मशीनच्या आवाजातच मोठी झाले. तो आता दहावीला आहे.

गावी ठेवण्याबद्दल आधी सांगते, कारण तो निर्णय तुम्हाला याच आठवड्यात घ्यायचाय. नका ठेवू. दोन-चार दिवस ठीक आहे, पण ‘मार्गी लागेपर्यंत’ म्हणजे किती, हे कोणालाच ठाऊक नसतं. मूल लांब राहून मनाशी काहीबाही जुळवत बसतं. मला मावशीकडे ठेवायचं घाटत होतं आणि मी अगदी शांतपणे माझी खेळणी भावाच्या खोक्यात भरली होती, कारण मला वाटलं की आता ते घर त्याचं झालं. आईने ते खोकं बघितलं आणि मावशीलाच आमच्याकडे राहायला बोलावलं. तुम्हाला जमत असेल तर हेच करा. मदत घरी येऊ द्या, मुलीला बाहेर पाठवू नका.

आता सांगायचं किती. तिच्या डोक्यात आज तीन प्रश्न नक्की आहेत आणि ती ते विचारणार नाही: माझ्यामुळे झालं का, मलाही होईल का, आणि तो मरणार का. लहान मुलं आजाराचा संबंध स्वतःच्या वागण्याशी लावतात. मी त्याला ढकललं होतं, त्याच्यावर रागावले होते, मला सर्दी झाली होती, असं काहीही. म्हणून ती विचारेल याची वाट न बघता तुम्हीच बोला. पहिल्या दोन्हींचं उत्तर सरळ आहे. एसएमएमध्ये मज्जारज्जूतल्या, स्नायूंना हलवणाऱ्या चेतापेशी निकामी होत जातात. आजार जनुकातून येतो, खेळण्याने, पडण्याने किंवा सर्दीने होत नाही, आणि एकाचा दुसऱ्याला लागत नाही. तिसऱ्याचं उत्तर अवघड आहे, तरी खोटं सांगू नका. ‘त्याचा आजार मोठा आहे, त्याला कफ झाला तर धोका असतो, म्हणून आपण एवढी काळजी घेतो. आत्ता तो ठीक आहे. काही बदललं तर तुला आम्हीच सांगू, बाहेरून कळणार नाही.’ बाबांनी मला साधारण असं सांगितलं होतं. त्यातलं शेवटचं वाक्य मला सगळ्यात धीर देऊन गेलं, कारण मग मी दाराआडून फोन ऐकायचं सोडून दिलं.

मशीनची ओळख मात्र सविस्तर करून द्या. भीती बहुतेक न कळलेल्या आवाजांची असते. आयसीयूमधल्या एका सिस्टरांनी मला डिस्चार्जच्या आधी अंबू बॅग हातात दिली, तिचं तोंड माझ्या गालाजवळ धरलं आणि म्हणाल्या, ‘दाब.’ गालावर हवा आली, केस उडाले. ‘वीज गेली, मशीन बिघडलं, तरी ही पिशवी दाबून त्याला श्वास देता येतो.’ दुसरं त्यांनी अलार्मबद्दल सांगितलं. दाब कमी झाल्याचा अलार्म बहुतेक वेळा जोड निसटल्याचा किंवा हवा गळत असल्याचा असतो. दाब वाढल्याचा बहुतेक कफ अडकल्याचा, नळी दुमडल्याचा किंवा नुसता खोकल्याचा. हे कळल्यावर मी रात्री दचकून उठायचे, पण कुठला आवाज आहे ते ओळखून, आई उठलेली बघून परत झोपायचे. तुमच्या युनिटमधल्या सिस्टरांना सांगा की दहा मिनिटं फक्त मुलीसाठी द्या. बहुतेक जणी आनंदाने देतात.

आणि एक गोष्ट कदाचित तुम्हाला कोणी सांगितली नसेल. नळी स्वरयंत्राच्या खाली बसते, हवा स्वरयंत्रापर्यंत फारशी पोचत नाही, त्यामुळे तुमचा मुलगा आता रडला तरी बहुधा आवाज येणार नाही. माझ्या भावाचं पहिलं बिनआवाजाचं रडणं मी बघितलं, कारण मी त्याच्या गादीवर बसून चित्र रंगवत होते. तोंड उघडं, चेहरा लाल, गालावर पाणी आणि खोलीत फक्त मशीनची फुसफुस. मी घाबरले नाही असं म्हणणार नाही, पण त्या दिवसापासून आम्ही दोघांनी खुणा ठरवायला सुरुवात केली. जिभेने एकदा ‘टॉक’ म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही, भुवया वर म्हणजे कफ झालाय. मोठ्यांनी नंतर त्या आमच्याकडून शिकून घेतल्या. त्याच्या हाताशी एखादी बेल किंवा स्विच बसवता येतो का तेही बघा, म्हणजे त्याला कोणाची नजर पडेपर्यंत थांबावं लागणार नाही. पुढे डॉक्टरांना बोलण्याच्या व्हॉल्व्हबद्दल, म्हणजे नळीला लावायच्या, आवाज काढू देणाऱ्या झडपेबद्दल, जरूर विचारा. सगळ्यांना तो चालत नाही आणि लावण्याआधी नळीभोवतीचा हवेचा फुगा पूर्ण उतरवावाच लागतो, त्यामुळे तपासणी करूनच ठरवतात. असा एक व्हॉल्व्ह डेव्हिड म्युअर या अमेरिकन तरुणाने शोधलाय. त्याला स्वतःला स्नायूंचा आजार होता आणि तो व्हेंटिलेटरवर होता. हे माझ्या भावाने मला अभिमानाने सांगितलेलं आहे.

एसएमएमध्ये बुद्धी शाबूत असते. तुमच्या मुलाला सगळं कळतंय, सगळं ऐकू येतंय. त्याच्यासमोर त्याच्याबद्दल ‘याचं असं, याचं तसं’ करत तो तिथे नसल्यासारखं बोलू नका, पाहुण्यांनाही बोलू देऊ नका. आणि त्याला भावंड असण्यातली सगळी गंमत मिळू द्या, भांडणंसुद्धा. आमच्याकडे कॅरममध्ये तो डोळ्यांनी सोंगटी दाखवायचा आणि मी मारायचे. मी मुद्दाम नेम चुकवला की टॉकटॉकटॉक सुरू. आई येऊन दोघांनाही ओरडायची, त्यालाही. त्याला ओरडा बसला की तो खूश व्हायचा, कारण बाकी सगळं जग त्याच्याशी हळू आवाजात बोलायचं. तुमची मुलगी त्याच्यावर चिडली तर ‘अगं, तो आजारी आहे ना’ असं म्हणून तिचं तोंड बंद करू नका. या एका वाक्याने दोघांचंही नुकसान होतं. तिचा राग तिच्या पोटात साठतो आणि त्याच्या वाट्याला बहिणीऐवजी एक सांभाळून वागणारी बाई येते.

कामाचं विचारलंत. कामं द्या, पण अशी की तिने आज ‘नको’ म्हटलं तरी काही अडणार नाही. सक्शनच्या (नळीतला कफ ओढून काढायच्या) कॅथेटर मोजून ठेवणं, त्याला गोष्ट वाचून दाखवणं, इन्व्हर्टरचा दिवा बघणं. दाराशी मोठ्या अक्षरात पत्ता आणि १०८ लिहून ठेवा आणि अडचणीत फोन कसा करायचा ते तिला शिकवा. सक्शन, नळी बदलणं, रात्री जागणं ही मोठ्यांची कामं आहेत. ‘पाच मिनिटं बघ हं, मी दूध घेऊन येते’ हेसुद्धा नको. त्या पाच मिनिटांत काय होऊ शकतं हे तिला कळत असतं आणि ते ओझं नऊ वर्षांच्या मुलीने पेलायचं नसतं.

म्हणूनच माझा सगळ्यात मोठा आग्रह हा आहे: डिस्चार्ज घेण्याआधी घरातला किंवा जवळचा तिसरा मोठा माणूस तयार करा. काका, मावशी, शेजारची ताई, परवडत असेल तर प्रशिक्षित अटेंडंट, कोणीही. सक्शन, अंबू बॅग, निसटलेली नळी परत बसवणं हे त्याने तुमच्यासोबत वॉर्डातच, सिस्टरांसमोर, स्वतःच्या हाताने करून दाखवलेलं असलं पाहिजे. पलंगाशी तयार पिशवी हवी: त्याच मापाची एक नळी, एक माप लहान असलेली दुसरी, बांधायच्या पट्ट्या, अंबू बॅग, बॅटरीवर चालणारं सक्शन. हे सगळं मुलाच्या जिवासाठी आहेच, पण तिसरा माणूस मुलीसाठीही आहे. तो असेल तर तुम्हा दोघांपैकी एक जण तिच्या स्नेहसंमेलनाला जाऊ शकतो. आमच्याकडे ते काम मावशीने केलं, म्हणून आठवड्यातून एक संध्याकाळ बाबा फक्त माझे असायचे. कधी सोमेश्वरला जायचो, कधी नुसतं सायकलचं पंक्चर काढून यायचो. त्या वेळात भावाचा विषय निघायचा नाही, हा बाबांचाच नियम होता.

इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डला १९८२ साली हेलन हाउस सुरू झालं, मुलांसाठीचं जगातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे गंभीर आजारी मुलांना सांभाळणारं घर. आजारी मुलाला काही दिवस तिथे ठेवून आईवडिलांना आणि भावंडांना विसावा मिळावा, हाच त्यामागचा मोठा हेतू होता. आपल्याकडे व्हेंटिलेटरवरच्या मुलासाठी अशी सोय सहज मिळत नाही, म्हणून माणसं जोडावी लागतात. हॉस्पिटलमध्ये पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे गंभीर आजारात त्रास कमी करून आधार देणारी, टीम आहे का ते मात्र विचारा. नाव ऐकून घाबरू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार मुलांची पॅलिएटिव्ह केअर निदान झाल्यापासून सुरू होते, उपचार चालू असतानाही चालते आणि कुटुंबाला आधार देणं हा तिचाच भाग आहे. औषधांच्या मदतीसाठी दुर्मिळ आजारांच्या राष्ट्रीय धोरणाखाली मुंबईच्या केईएम रुग्णालयात चौकशी करा. दिव्यांग प्रमाणपत्र काढून घ्या, आणि शाळेचं वय झालं की घरून शिक्षणाची सोयही मागा. शिक्षणहक्क कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीने तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना ती दिलेली आहे.

आता नातेवाईक. ते तुमच्या मुलीला ‘किती गं समजूतदार’ म्हणतील. तुम्ही हे कौतुक घरात चालू ठेवू नका. शहाणं असण्याबद्दल शाबासकी मिळाली की मूल हट्ट करायचं, रडायचं, स्वतःचं दुखणं सांगायचं बंद करतं. मला ताप आलेला मी लपवला होता, शाळेतल्या बाईंनी तो ओळखला. म्हणून वर्गशिक्षिकेला घरची परिस्थिती सांगून ठेवा. सारखं पोटात दुखणं, झोप उडणं, गुण घसरणं याकडे तर लक्ष द्याच, पण मूल अचानक फार गुणी झालं तर तिकडेही द्या. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. तो तुमच्यासाठीही आहे.

दुसरी कुजबुज लग्नाची असते. माझ्यासमोर एका आजींनी आईला विचारलं होतं, ‘मुलीतही दोष असेल का गं?’ खरं काय ते तुम्हाला माहीत असू द्या. आईवडील दोघेही वाहक असतील, म्हणजे दोघांकडेही सदोष जनुकाची एकेक प्रत असेल, तर आजार नसलेलं भावंड वाहक असण्याची शक्यता तीनात दोन असते. वाहक व्यक्ती स्वतः पूर्ण निरोगी असते. जोडीदारही वाहक असला तरच मुलाला आजाराचा धोका येतो, आणि जोडीदाराची रक्ततपासणी करता येते. मुलीची वाहक चाचणी आत्ता करू नका. ती सज्ञान झाल्यावर तिला सगळं समजावून सांगा, करायची का ते तिने ठरवायचं आणि निकालही तिचाच. मी माझी गेल्या वर्षी करून घेतली. निकाल घरात कोणीही विचारला नाही, याबद्दल मी आईबाबांची फार ऋणी आहे.

घरी आणण्याच्या आदल्या दिवशी अजून एक करा. पलंग कुठे, मशीन कुठे, इन्व्हर्टरची वायर कुठून, हे तुम्ही ठरवालच. तेव्हा मुलीला सोबत घ्या आणि तिला विचारा की तुला कुठे झोपायचंय. त्याच्या खोलीत म्हणाली तर तिथे, बाहेर म्हणाली तर बाहेर, आणि महिन्याभराने बदलावंसं वाटलं तरी चालेल असं सांगा. काही अडलं तर इथेच खाली लिहा, मी बघत असते.